नवं वाजवणारी मुलं आणि आपलं सभागृह

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. ध्वनिमुद्रणावरून लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय ठरवूनच आले होते. ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार? मी म्हटलं, मुदत ठेवीचे व्याजदर तुम्हाला मोबाईलवर माझ्यापेक्षा लवकर कळतात. मला एका वेगळ्या गोष्टीवर बोलू द्या. चेअरमनसाहेबांनी विषय विचारला. मी म्हणालो, ‘शास्त्रीय संगीत शिकलेली तरुण मुलं नवं संगीत एकत्र कशी वाजवतात.’ ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “काका, तुम्ही गाता?” मी गात नाही. मला एकही वाद्य येत नाही. पण या विषयात माझं एक जुनं देणं आहे, आणि ते फेडल्याशिवाय खातं बंद होणार नाही.

त्या देण्यापासूनच सुरुवात करतो.

अकरा वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या वेळी बी विंगमधला एक मुलगा तबला शिकत होता, सी विंगमधली एक मुलगी व्हायोलिन शिकत होती आणि तिच्याच मजल्यावरचा एक जण बासरी. तिघं नववी-दहावीतली. वेगवेगळ्या गुरूंकडे जाणारी. संध्याकाळी सभागृहाची किल्ली वॉचमनकडून घ्यायची आणि काहीतरी जमवत बसायचं, असा त्यांचा क्रम होता. ते भजन नव्हतं, सिनेमाचं गाणं नव्हतं, आणि आपण ज्याला राग म्हणतो तसंही काही सरळ नव्हतं. एखादी ओळ वीस-वीस वेळा वाजवायची, मध्येच थांबायचं, भांडायचं, पुन्हा सुरू.

माझ्याकडे तीन लेखी तक्रारी आल्या. त्यातली एक अगदी रास्त होती. सभागृहाच्या भिंतीला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या घरात एक आजी आजारी होत्या. त्यांना त्या आवाजाचा खरोखर त्रास होत होता. आता खरं म्हणजे काय करायला हवं होतं? मुलांना बोलवायचं, आजींच्या झोपेची वेळ विचारायची, तास ठरवून द्यायचे. दहा मिनिटांचं काम. पण मी पडलो बँकेतला माणूस. तक्रार आली की परिपत्रक काढायचं, ही सवय. मी नोटीस लिहिली: ‘सभागृहात पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही प्रकारचे वाद्यवादन करण्यास मनाई आहे.’ खाली सही, शिक्का. तीन दिवसांत सगळं शांत झालं. कोणी माझ्याशी भांडायला आलं नाही. त्या मुलांनी परवानगीही मागितली नाही. किल्ली वॉचमनच्या खिळ्यावर लटकत राहिली.

ती नोटीस आजही लागू आहे. कोणी रद्द केलेली नाही. ही गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. आठवण झाली ती इथून हजारो किलोमीटरवर.

करोनाच्या आदल्या वर्षी मी आणि आमची ही, लेकीकडे जर्मनीत गेलो होतो. फ्रँकफर्ट. माईन नदीकाठचं शहर. बँकांचं शहर म्हणा ना! युरोपची मध्यवर्ती बँक तिथेच. मला वाटलं होतं, आपण आपले त्या उंच इमारती बघत फिरू. पण लेकीने एका संध्याकाळी तिकिटं काढून ठेवली होती. म्हणाली, “बाबा, चला. वाजवणारे सगळे पंचविशीच्या आसपासचे आहेत. आवडलं नाही तर मध्यंतरात निघू.” मी विचारलं, मध्यंतर कितव्या मिनिटाला आहे? ती हसली. मध्यंतरच नव्हतं. जवळजवळ एक तासाची एकच रचना होती.

रचनेचं नाव साधंच, ‘अठरा वादकांसाठी संगीत’ अशा अर्थाचं. संगीतकार स्टीव्ह राइश, अमेरिकेचे. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये ती पहिल्यांदा वाजली. मंचावर चार पियानो, लाकडी पट्ट्यांची मोठी मॅरिंबा, झायलोफोन, धातूच्या पट्ट्यांचा व्हायब्राफोन, एक व्हायोलिन, एक चेलो, दोन क्लॅरिनेटवाले आणि चार गाणाऱ्या मुली. गाणाऱ्या म्हणजे शब्द नाहीत, नुसते स्वर, तेही वाद्यांत मिसळून जाणारे.

मी सवयीने मधोमध बघत होतो. तो काठीवाला माणूस कुठे आहे? पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हटलं की पाठमोरा उभा राहून हात हलवणारा एक असतोच. इथे तो नव्हता. कोणीच नव्हता. आणि तरी अठरा माणसं एक तास एका क्षणासाठीही विस्कटली नाहीत.

हे कसं जमतं ते लेकीने मला नंतर समजावून सांगितलं आणि मी घरी येऊन वाचलंही. रचनेच्या सुरुवातीला अकरा स्वरसंघ एकामागून एक ऐकवले जातात. मग त्या एकेकावर एकेक छोटा भाग बांधलेला आहे. शेवटी पुन्हा ते अकरा. वाजवणं म्हणजे बहुतेक वेळ एकच छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा, पण त्यात हळूच एखादा स्वर वाढतो, एखादा कमी होतो. पुढच्या भागात कधी जायचं? ते व्हायब्राफोनवाला सांगतो. त्याच्याकडे एक छोटी सुरावट असते. ती वाजली की सगळ्यांना कळतं, आता वळायचं. मान हलवायची नाही, हात हलवायचा नाही. खूणही संगीतातूनच. आणि क्लॅरिनेटवाल्यांचे काही स्वर किती वेळ चालायचे? तर माणसाचा श्वास आरामात पुरेल तितका वेळ. घड्याळ नाही, श्वास! राइश यांनी घानामध्ये जाऊन ढोलवादन शिकलं होतं आणि बाली बेटावरचं गामेलान संगीतही अभ्यासलं होतं. तिथे वादकाने वाजवूनच बाकीच्यांना वळण सांगायची रीत आहे. आपल्याकडच्या जाणकारांना हे नवीन वाटणार नाही. तबलजीने तिहाई घेतली की गाणाऱ्याला समेची जागा दिसते, ते याच जातीचं.

आता प्रामाणिकपणे सांगतो. पहिली दहा मिनिटं मला वाटलं, हे काय चाललंय? शिवणयंत्र चालल्यासारखं. आमच्या हिने तर माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, त्याचा अर्थ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मग कधीतरी मला आमच्या बँकेतलं जुनं बॅलन्सिंग आठवलं.

कॉम्प्युटर येण्याआधीची गोष्ट. सहामाही क्लोजिंगला शाखेतले आम्ही दहा-बाराजण रात्री थांबायचो. एक जण खात्यांचे आकडे वाचून दाखवायचा, दुसरा टिक करत जायचा. तिसरा बेरीज, चौथा ती तपासायचा. त्या ‘कॉलिंग’ला एक लय यायची. एकाची नजर चुकली तर दहा पैशांचा फरक पडायचा आणि तो शोधायला पहाटेचे चार वाजायचे. त्या वेळी मॅनेजर काही ओरडत उभा राहत नसे. प्रत्येकाला आपलं काम यायचं आणि कान शेजारच्याकडे असायचा. मला त्या मंचावर तेच दिसलं. एक मुलगी मॅरिंबा वाजवता वाजवता उठली. तिच्या जागी दुसरा आला आणि एकही ठोका न चुकता वाजवायला लागला. ती शांतपणे जाऊन पियानोवर बसली. पुढचा पाऊण तास मी हललो नाही. आणि मघाचा कटाक्ष टाकणाऱ्यांनी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या जागेत ती मुलं मोकळेपणी गप्पा मारत होती. माझ्या लेकीने एका क्लॅरिनेटवाल्या मुलीशी ओळख करून दिली. ती सहाव्या वर्षापासून शिकलेली, मोझार्ट, ब्राम्स सगळं पक्कं. मी लेकीच्या मार्फत विचारलं, बाई, एवढं जुनं सोनं असताना तू हे का वाजवतेस? तिने जे सांगितलं त्याचा मतलब असा होता: जुनं वाजवताना माझ्या आधी हजारो जणांनी ते वाजवलेलं असतं. मी चुकले तर लोकांना लगेच कळतं, आणि बरोबर वाजवलं तर लोक म्हणतात, अमक्यासारखं वाजवलं. नवी रचना आली की माझ्या आधी कोणी नसतं. ती वाईट वाजली तर लोक म्हणणार, रचनाच वाईट आहे. म्हणजे ती जगणार की मरणार हे माझ्या हातात असतं. म्हणून मला नव्यासाठी जास्त तयारी करावी लागते.

हे वाक्य मी रात्री वहीत लिहून ठेवलं. आपल्या डोक्यात बसलेलं असतं की ज्याला शास्त्रीय नीट जमत नाही तो नव्याकडे वळतो. ही मुलगी नेमकं उलटं सांगत होती.

त्याच शहरात नव्या संगीताचा एक फार नावाजलेला समूह आहे, एन्सेंबल मॉडर्न. त्याची हकिगत मला सांगायचीच आहे, कारण ती आपल्यासारख्या सहकारी सोसायटीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे.

जर्मनीत १९७४ साली संगीत महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एक वाद्यवृंद काढला. पुढे त्याचं नाव युंगे डॉइचे फिलहार्मोनी, म्हणजे तरुण जर्मन वाद्यवृंद. त्यातल्या काही मुलांना वाटायला लागलं की आपल्याच काळातले, हयात असलेले संगीतकार जे लिहितात ते वाजवायला स्वतंत्र समूह हवा. १९८० मध्ये त्यांनी तो काढला. १९८५ पासून त्यांचं ठाणं फ्रँकफर्ट. आज त्यात वेगवेगळ्या देशांतले वीसच्या आसपास वादक आहेत.

आणि आता गंमत ऐका. या समूहाला मालक नाही. कायमचा मुख्य संचालकही नाही. वादक हेच भागीदार. कोणती रचना घ्यायची, कोणाला लिहायला सांगायचं, कोणत्या संचालकाला पाहुणा म्हणून बोलवायचं, पैसे कुठे खर्च करायचे, हे सगळं वादक एकत्र बसून ठरवतात. शहराचं आणि हेसन राज्याचं अनुदान त्यांना मिळतं, पण काय वाजवायचं हे त्यांचं ते ठरवतात. मी वाचताना हसलो. म्हटलं, म्हणजे यांचीही सर्वसाधारण सभा असणार, आणि तिथेही कोणीतरी एक जण मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला हरकत घेत असणार! पण बघा, चाळीस वर्षांहून अधिक काळ हे चाललंय. पंचवीस वर्षं सोसायटी चालवताना आपल्या नाकी किती नऊ आले ते आपल्याला माहीत आहे. ती तर कलाकार माणसं.

त्यांच्या एका कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. अमेरिकेत फ्रँक झाप्पा नावाचा रॉक संगीतकार होता. लांब केस, मिशा, गिटार. आपल्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांनी रस्ता ओलांडून पलीकडे गेले असते असा अवतार. पण याला वाद्यवृंदासाठी लिहायचं वेड. ते तो कुठल्या मोठ्या विद्यापीठात शिकला नाही, बहुतांशी स्वतःच शिकला. त्याने स्वतःचे पैसे घालून १९८३ मध्ये लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदाकडून आपल्या रचना मुद्रित करून घेतल्या, पण त्याचं समाधान झालं नाही. मग तो एका कॉम्प्युटर-वाद्यावर रचना करायला लागला. माणसांना झेपणार नाही इतकं अवघड लिहायचं आणि यंत्राकडून वाजवून घ्यायचं.

फ्रँकफर्टच्या या समूहाने त्याला गाठलं. १९९१ मध्ये हे सगळे वादक लॉस एंजेलिसला जाऊन दोन आठवडे त्याच्याबरोबर तालमीला बसले. तोपर्यंत झाप्पाला कर्करोगाने गाठलं होतं. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या आल्टे ओपरमध्ये कार्यक्रम झाला. आल्टे ओपर म्हणजे जुनं ऑपेरागृह. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं होतं. कित्येक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या. १९८१ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे झाप्पा स्वतः आजारपणात मंचावर आला, काही भागांचं संचालनही केलं. जी रचना त्याने फक्त यंत्रासाठी म्हणून केली होती, तीसुद्धा या वादकांनी हातांनी, फुंकरीने वाजवून दाखवली. त्याच कार्यक्रमात एका वादकाने अमेरिकेत शिरताना भरायचा इमिग्रेशनचा फॉर्म वाचून दाखवला, त्यातले ‘आपणास संसर्गजन्य रोग आहे काय’ छापाचे प्रश्न, आणि मागे वाद्यवृंद! ज्यांनी मुलाबाळांकडे जायला व्हिसाच्या रांगा लावल्या आहेत त्यांना यातला विनोद समजावून सांगायला नको. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९३ मध्ये झाप्पा गेला. जाण्यापूर्वी त्याने आपलं संगीत आपल्याला हवं तसं वाजलेलं ऐकलं. कोणामुळे? शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या, पण ‘हा कसला रॉकवाला’ असं न म्हणणाऱ्या वादकांमुळे.

२००३ मध्ये या समूहाने तरुणांसाठी अकादमी सुरू केली. संगीताचं पदवी शिक्षण झालेली मुलं तिथे एक वर्ष येतात आणि या अनुभवी वादकांबरोबर काम करतात. आणि हा काही गोऱ्या लोकांचा आपापसातला मामला नाही. मुंबईत जन्मलेले संगीतकार संदीप भागवती यांनी या समूहाला भारतीय संगीतकारांबरोबर एकत्र आणून काम केलेलं आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच सोसायटीतल्या एका जाणकार गृहस्थांनी माझ्याजवळ काढला. ते स्वतः चांगलं गातात. ते म्हणाले, “साहेब, तिकडचं वेगळं. त्यांचं लिहिलेलं संगीत. आपलं गुरुमुखातून येतं. पोर अजून यमनमध्ये स्थिर झालेलं नसतं आणि त्याला चौघांत बसवून भलतंच वाजवायला लावलं की रियाज मोडतो. सूर बिघडतो तो बिघडतोच.”

हे मी हसण्यावारी नेत नाही. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे एकाग्र, एकट्याने केलेला रियाज हा पाया आहे, आणि पाया भरायच्या आत मजले चढवू नयेत हे आपल्याला बिल्डरने चांगलं शिकवलेलं आहे! पण मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. आपल्या परंपरेतही हे होऊन गेलंय, आणि तेही फार मोठ्या माणसाच्या हातून. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, म्हणजे रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे गुरू. रियाजाच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस शोधून सापडणार नाही. शंभर वर्षांपूर्वी साथीच्या रोगात अनाथ झालेली मुलं गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. सतार, सरोद यांच्या जोडीला व्हायोलिन, चेलो. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग नावाचं वाद्य केलं. जे लोखंड माणसं मारायला होतं, त्यावर पोरांनी सूर काढले. पुढे रविशंकर आकाशवाणीच्या वाद्यवृंदासाठी रचना करायला लागले, ते काही आभाळातून पडलं नव्हतं.

दुसरी. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो त्यातलं बरंच एकेकाळी परकं होतं. या सभागृहात दर गणपतीत जी पेटी वाजते ती परदेशातून आलेली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती तीसेक वर्षं चालली. कारण काय, तर तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींना धरून नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप खोटा नव्हता. पण महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारखी माणसं तिच्यावर बसली आणि त्यांनी तिला बोलतं केलं. व्हायोलिनचंही तेच. आज व्हायोलिनवर राग ऐकताना कोणी पासपोर्ट विचारत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकट्याचा रियाज सूर पक्का करतो. पण दुसऱ्याचं ऐकून आपला आवाज कमी करणं, दुसऱ्याची चूक सावरणं, आपली चूक झाली तर मान्य करून पुढच्या मात्रेला हजर होणं, हे चौघांत बसल्याशिवाय येत नाही. आणि ते फक्त संगीतात उपयोगी पडतं असं कोणी म्हणेल तर त्यांनी आपल्या पार्किंगच्या विषयावरची सभा एकदा आठवावी.

मी काही नव्याचा भक्त झालेलो नाही. फ्रँकफर्टला नंतर आणखी एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे एक रचना सुरू झाली आणि मी चक्क झोपलो. जागा झालो तेव्हा ती चालूच होती. नव्यातलं पुष्कळसं टिकत नाही, टिकणारही नाही. पण जुन्यातलंही सगळं टिकलेलं नाही. जे टिकलं तेवढंच आपल्या कानावर येतं, म्हणून आपल्याला वाटतं जुनं सगळंच चांगलं होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर दहा कर्जं दिली तर त्यातली एक-दोन बुडतात. म्हणून कोणी कर्ज द्यायचं बंद करत नाही. तारण बघतो, माणूस बघतो आणि देतो. या मुलांचं तारण म्हणजे त्यांचा सात-आठ वर्षांचा रियाज.

आता परत आपल्या सभागृहात येतो.

त्या तिघांतला तबलावाला मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो आई-वडिलांकडे आला होता. जिन्यात भेटला. मी त्याला विचारलं, “अरे, तबला चालू आहे का?” तो म्हणाला, “नाही काका. तिकडे फ्लॅटमध्ये आवाज होतो ना.” एवढंच बोलला आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन वर आणून दिली. त्याला ती नोटीस आठवत होती की नाही, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य मला झालं नाही. माझ्या नोटिशीमुळेच त्याचं सुटलं असं मी म्हणणार नाही. दहावी, बारावी, इंजिनीअरिंग, यात भल्याभल्यांचं सुटतं. पण चार जणांत बसून वाजवायची जी एक जागा त्याला होती, ती मी सहीनिशी काढून घेतली, हे खरं आहे.

सध्या आपल्याकडे पुन्हा तशीच मुलं आहेत. ए विंगमधली व्हायोलिनवाली, बी विंगमधली दोन भावंडं, एक तबल्यावर आणि एक पेटीवर, आणि डी विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या तमिळ कुटुंबातला मृदंगम शिकणारा मुलगा. चौघं सध्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसतात. मी एकदा पायऱ्यांवर उभं राहून ऐकलं. तबला आणि मृदंगम यांचा एकमेकांशी काहीतरी हिशेब चालला होता. पोरगी म्हणत होती, “तुम्ही दोघं एकमेकांना उत्तर द्या, मी मध्ये येते.” त्यांना कोणी शिकवलेलं नाही, आणि तरी ती त्या अठरा वादकांचाच प्रश्न सोडवत होती: काठीवाला माणूस नसताना वळण कोणी सांगायचं?

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. माझी अकरा वर्षांपूर्वीची नोटीस रद्द करावी. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, सभागृह या मुलांना विनामूल्य द्यावं. सभागृहालगतच्या दोन्ही घरांना आधी विचारावं; त्या घरात आजारपण असेल, परीक्षा असेल तर मुलांनी त्या दिवशी गच्चीवर जावं. खिडक्यांना जाड पडदे लावावेत, त्याचा खर्च मी देईन. मुलांनी स्वतःचं रजिस्टर ठेवावं: कोण आलं, काय वाजवलं, किल्ली कोणी परत केली. आपसात ठरवून दर सहा महिन्यांनी एक जण जबाबदार राहील. आणि एक अट समितीवर: काय वाजवायचं यात आपण पडायचं नाही. ‘गणपतीत दोन भक्तिगीतं बसवा’ असा निरोप पाठवायचा नाही. त्यांना वाटलं तर ती बसवतीलच.

काही जण म्हणतील, यातून काय होणार? ही मुलं काय फ्रँकफर्टला जाणार आहेत? बहुधा नाही जाणार. चौघांतले दोघं-तिघं पुढे नोकऱ्या करतील, वाद्य सुटेल. पण सोसायटी आपण कशासाठी काढली? पाणी, लिफ्ट, रंगकाम, हे तर हवंच. त्यापलीकडे, एकट्याच्या घरात जे मावत नाही ते मावायला चार भिंती असाव्यात म्हणून आपण पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येकी जास्तीचे पैसे भरून हे सभागृह बांधलं. तो हिशेब मीच लिहिला होता, म्हणून मला पक्का आठवतो.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ही मुलं इथे अर्धा तास वाजवणार आहेत. परवानगीचा अर्ज मी माझ्या सहीने दिलेला आहे. ऐकायला या. नाही आवडलं तर तसं सांगा, पण ऐकून मग सांगा. खुर्च्या लावायला दोन माणसं लागतील. त्यातला एक मी आहे.



(ता. क. : स्मरणिका छापायला जाण्यापूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. ठराव सहा महिन्यांच्या प्रायोगिक मुदतीसाठी बहुमताने मंजूर झाला. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एक गृहस्थ शनिवारच्या कार्यक्रमाला आले होते, आणि शेवटपर्यंत बसले, हे नमूद करण्यास त्यांची हरकत नाही.)